भोंगा होईपर्यंत

परवा कारखान्याचा भोंगा वाजला. हंगामातला पहिला. पावसाळाभर थंड पडलेल्या बॉयलरमध्ये वाफ चढली, आणि खोकला झालेल्या म्हाताऱ्यासारखा आधी थोडा घरघरून मग तो मोकळा झाला. आवारात जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो तोंडात टाकला. त्या आवाजात लोकांना गाळप ऐकू येतं, उसाचा दर ऐकू येतो. मला मात्र कडी ऐकू येते. लहान हातांनी आतून लावलेली, लावल्यावर पुन्हा एकदा ओढून बघितलेली दाराची कडी.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. उसाच्या रसात साखर किती आली, मळीबरोबर किती वाया चालली, हे हंगामभर तासातासाला तपासत बसायचं, हे माझं काम. हंगाम एकदा सुरू झाला की रविवार कुठला आणि सोमवार कुठला, याचा पत्ता लागत नाही. गावच्या जत्रेला, भावाच्या वास्तुशांतीला, मैत्रिणीच्या मुलाच्या बारशाला मी गेलेली नाही. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. वास्तुशांतीचं जेवण सगळीकडे सारखंच असतं.

भोंगा वाजला त्याच संध्याकाळी माझ्या मुलीचा, जुईचा फोन आला. ती पुण्याला शिकते, होस्टेलवर राहते. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागतेय, म्हणाली. मी विचारलं, मग कधी येतेस? तर म्हणाली, बघू, तुझा सीझन सुरू झाला असेल ना. रागावून नव्हे, रुसूनही नव्हे. अडचण समजून घेणाऱ्या शेजारणीच्या सुरात म्हणाली. आपली लेक आपल्याशी इतकं समजूतदार बोलू लागली की आईनं समजून जावं, कुठंतरी काहीतरी हुकलं आहे. माझ्या ओठांवर 'ये' आलं होतं, पण बाहेर पडलं नाही. ये म्हणणाऱ्या माणसाला घरी असावं लागतं.

आमच्या घरात सुट्ट्यांचं आणि आमचं कधी जमलंच नाही. जुईचे बाबा फौजेत. त्यांच्या सुट्टीला ते छुट्टी म्हणतात आणि ती मिळायची तेव्हा मिळते, बहुतेक उन्हाळ्यात. माझी सुट्टी पावसाळ्यात, कारखाना बंद असतो तेव्हा; पण पावसाळ्यात जुईची शाळा जोरात. आणि जुईची सुट्टी दिवाळीत, म्हणजे नेमकं बॉयलर पेटायच्या वेळी. एकाच छपराखाली तीन पंचांगं. आम्ही तिघं एका वेळी घरात असण्याचे दिवस इतके थोडे, की तसा दिवस उगवला की आम्हांला काय करावं ते सुचायचं नाही आणि आम्ही पंखे पुसायला काढायचो.

जुई तिसरीत होती, त्या वर्षीचा हंगाम सारखा आठवतो. तेव्हा आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. बैठी घरं, मागे पेरूची झाडं, समोर चिमणी. थंडी पडायला लागली की सकाळी धुकं आणि चिमणीचा धूर एकमेकांत मिसळून जायचे आणि सगळ्यावर गरम गुळचट वास पसरायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसची, उसाच्या चोथ्याची काजळी बसायची. जुईचा गणवेश पांढरा. मी तो घरात दोरी बांधून वाळवायचे आणि ती त्याच्याखालून वाकून ये-जा करायची. ऊस गाळपाला टाकायच्या गव्हाणीकडे निघालेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रस्त्यानं जायचे, आणि मागच्या ट्रॉलीतून ऊस ओढून पळणारी वसाहतीतली पोरं बघत जुई गेटला धरून उभी राहायची. ती कधी पळाली नाही. आई म्हणाली होती, ट्रॅक्टरच्या मागं जायचं नाही. माझी मुलगी ऐकणारी होती, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

दिवाळीच्या सुट्टीत तिची मी कालव्याच्या पाण्यासारखी पाळी लावायचे. आधी माझ्या माहेरी, फलटणला. मग सासरी, पाटणच्या बाजूला डोंगरात. उरलेले दिवस वसाहतीत, ज्याच्या दारात माणूस असेल त्याच्या दारात. फलटणला वहिनी तिला शेतात न्यायची, उसाच्या पाचटात खेळायला सोडायची. पाटणला सासूबाई भाताच्या मळणीत असायच्या. तिकडची थंडी लय, म्हणून जुईला दोन स्वेटर. परत यायची तेव्हा तिची भाषा बदललेली असायची. गाडीतून उतरायच्या आधीच विचारायची, "आई, तू कवा घरी ऱ्हाणार?" मी म्हणायचे, बघू. सुट्टीत तू घरी असशील का? बघू. माझा वाढदिवस कारखान्यात नको हं. बघू. हा माझा आवडता शब्द होता. त्यानं नाही म्हटल्याचं पाप लागत नाही आणि हो म्हटल्याची जबाबदारी येत नाही.

वसाहतीच्या पलीकडे माळावर ऊसतोडणीवाल्यांच्या खोपी पडायच्या. पहाटे बाया कोयते घेऊन निघायच्या तेव्हा त्यांची लेकरं बरोबर असायची; कुणी कडेवर, कुणी गाडीत उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, वाढ्यांवर झोपलेलं. मी पहिल्या पाळीला निघालेली असायचे. एकदा कडेवर पोर घेतलेल्या एकीला बघून माझ्या मनात आलं, ही बरी, हिला पोर कुठं ठेवायचं हा प्रश्न नाही. आणि लगेच स्वतःची लाज वाटली. त्या पोरांची शाळाच सुटलेली असते, सगळा हंगामच त्यांची सुट्टी. सावलीला बांधलेल्या झोळीत ती मोठी होतात. माझ्या मुलीला शाळा होती, दप्तर होतं, पक्कं घर होतं, दाराला कडी होती. तरी त्या बाईच्या कडेवरचं पोर मला दिवसभर दिसत राहिलं.

तर त्या वर्षी दिवाळीची सुट्टी कशीबशी पार पडली. शाळा सुरू झाली तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. आठवडा धड गेला नाही, तोच एका संध्याकाळी जुई सांगत आली, उद्या सुट्टी, बाईंचं ट्रेनिंग आहे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. शिक्षकांना शिकवायचं तर मुलांना घरी पाठवायचं, हा न्याय मला कधी कळला नाही. आमच्या कारखान्यातही ट्रेनिंग होतं, पण म्हणून गाळप बंद ठेवून ऊस शेतकऱ्याच्या घरी परत पाठवत नाहीत. मी रागारागानं वर्गशिक्षिकेला फोन लावला. त्या बाई शांतपणे ऐकत राहिल्या. त्यांना तरी कुठं आधी कळलं होतं. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, माझा मुलगासुद्धा तुमच्याच मुलीच्या शाळेत आहे. त्याला मी उद्या ट्रेनिंगला नेऊन मागच्या बाकावर बसवणार आहे." मी फोन ठेवला आणि जुईकडं बघितलं. ती बोटं मोजत होती, कुणाच्या घरी कोण आहे ते.

तशा दिवसांसाठी आमचा एक नियम ठरलेला होता. मी सकाळी कामावर जाणार. जुई आतून कडी लावणार. दुपारी जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होतो. भोंगा झाला की मी पाच मिनिटांत दारात. तेव्हा कडी काढायची, दोघींनी जेवायचं, मी परत जाणार, ती परत कडी लावणार. संध्याकाळी सुटल्याचा भोंगा होईल तेव्हा पुन्हा उघडायचं. भोंगा झाल्याशिवाय कुणालाही, अगदी कुणालाही दार उघडायचं नाही. घड्याळ तिला नीट कळत नव्हतं, पण भोंगा अख्ख्या पंचक्रोशीला कळतो. शेतातली माणसं त्यावर भाकरी सोडतात, बायका त्यावर दूध तापवतात. मला ही युक्ती फार हुशारीची वाटायची. मी ती लोकांना सांगायचेसुद्धा.

भोंगा वाफेवर वाजतो, हे मी विसरले. दिवसरात्र त्या वाफेच्या शेजारी काम करणारी मी, हे विसरले.

त्या दिवशी सकाळीच बॉयलरची नळी फुटली. मोठा फुसकारा झाला, पाठोपाठ गाळप थांबलं, आणि कारखान्यात ती विचित्र शांतता पसरली, जी फक्त हंगामात भीतीदायक वाटते. ऊस वाहणारा पट्टा थांबला, ट्रॅक्टरच्या रांगा रस्त्यापर्यंत गेल्या. टाक्यांत रस तसाच उभा. उभा रस नासतो, त्यातली साखर पळते. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत एकदम लगबग. नमुना घे, तपास, सांग, पुन्हा घे. चीफ केमिस्ट साहेब आमच्या मागे उभे. दुपार कधी झाली ते मला कळलं नाही, कारण मलासुद्धा दुपार भोंग्यानंच कळायची.

वसाहतीत आमच्या शेजारच्या घरी पद्माकाकू होत्या. बॉयलरवर काम करणाऱ्या अण्णांची बायको, जैनांच्या घरची, मिरजेच्या पलीकडच्या खेड्यातली. त्यांना सुट्टीचं माहीत होतं. भोंगा झाला नाही, मी आले नाही, हे बघून त्यांनी ताटात भाकरी, आमटी, थोडा गूळ घेतला आणि आमचं दार वाजवलं. आतून जुई म्हणाली, "भोंगा झाला न्हाई अजून, काकू." काकू हसल्या. मग समजावलं. मग पुन्हा समजावलं. खिडकीला जाळी, त्यातून ताट जाणार नव्हतं. शेवटी काकू ताट झाकून आमच्या पायरीवर बसल्या. आपल्या घरी जाऊन जेवल्याही नाहीत. लेकरू उपाशी असताना घास कसा उतरेल, हा त्यांचा हिशेब.

दुपार कलल्यावर आमच्या गेटवरचे वॉचमन मारुतीमामा प्रयोगशाळेच्या दारात आले. टोपी काढून हातात धरली. "मॅडम, घराकडनं निरोप हाय. पोरगी दार उघडंना. पद्माकाकू भाईर बसल्यात. जरा जाऊन या म्हनं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. प्रयोगशाळेत मी एकटी बाई. मी लागले तेव्हा ऑफिसमधलं कुणीतरी म्हणालं होतं, बाईमाणूस घेतलंय, आता बघा पोराबाळांच्या रजा. ते वाक्य माझ्या पाठीला कायमचं चिकटलं होतं आणि मी ते खोटं ठरवायचा विडा उचलला होता. वसाहत हाकेच्या अंतरावर होती. जाऊन, दार उघडायला लावून, परत यायला कितीसा वेळ लागला असता? मी मारुतीमामांना म्हणाले, काही काळजी नाही, सांगितल्यासारखं वागते आहे ती. मी येतेच म्हणावं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. कशी शिस्तीची आहे माझी पोरगी, असंच वाटलं.

मी 'येतेच' म्हटलं आणि समोर पुढचा नमुना आला. मग त्याच्या पुढचा.

मी घराकडे निघाले तेव्हा सूर्य चिमणीच्या मागे गेला होता. काकू तशाच पायरीवर, मांडीवर झाकलेलं ताट. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "आई, भोंगा झाला?" मी म्हटलं, बॉयलर बंद आहे गं, आज होणारच नाही, उघड. आत थोडा वेळ विचार झाला. मग कडी निघाली. ती रडली नव्हती. घरातली सगळी भांडी तिनं लहान-मोठी अशी रांगेत लावून ठेवली होती. मी तिला जवळ घ्यायला वाकले, तर माझ्या खांद्यावरून बाहेर बघत म्हणाली, "काकूंना जेवायला सांग."

मी वळले. तोवर उशीर झाला होता. पद्माकाकू दिवस मावळल्यावर खात नाहीत, पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. त्यांनी आकाशाकडं बघितलं, ताट माझ्या हातात दिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आता कुठलं गं. दिस गेला. सकाळी खाईन." मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. जाता जाता म्हणाल्या, "लय गुणाची पोरगी. मी म्हनलं तिला उघड, तर म्हनली आईनं सांगितलंय. मग मीच म्हनलं, नको उघडू बाळ. आईचा शब्द हाय. ती येतीयाच."

माझ्या शब्दावर एका बाईनं दुपारभर पायरीवर बसून राहावं, आणि मी टाक्यांमधल्या रसाच्या शेजारी उभं राहावं. त्या रात्री जुई दोन भाकरी खाऊन झोपली. मी नुसती ताटावर बसून राहिले. भिंतीपलीकडे काकूंच्या घरात दिवा होता, अण्णा उशिरा आले, त्यांनी एकट्यांनी ताट घेतलं असेल की तेही तसेच झोपले, मला माहीत नाही. विचारायचं धैर्य झालं नाही. सकाळी उजाडताच मी पोहे करून घेऊन गेले. त्यांनी घेतले, चांगले झालेत म्हणाल्या, आणि कालच्या दिवसाबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही. एखादीनं चार शब्द सुनावले असते तर मी सुटले असते.

पुढं बऱ्याच दिवसांनी पालकसभेत वर्गशिक्षिका भेटल्या. हसत हसत म्हणाल्या, तुमची जुई म्हणजे गंमतच आहे. परवा मी वर्गात सांगितलं, शनिवारी आमचं ट्रेनिंग आहे, सुट्टी. तर सगळा वर्ग बाकं बडवायला लागला. जुई उठून उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बाई, मी एकटी आले तर चालेल?" आजूबाजूच्या आया हसल्या. मीही हसले. हसण्यावाचून काय करणार होते? बाई मात्र मध्येच हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांनाही त्यांचा मागच्या बाकावरचा मुलगा आठवला असावा.

त्यानंतर मी युक्ती बदलली. काकूंकडे किल्ली दिली, शेजारच्या दुकानदाराकडे फोन नंबर ठेवला. पण रजा घेतली नाही. एक दिवसाचीसुद्धा नाही. उलट साखरेचा उतारा चांगला आला म्हणून त्या वर्षी माझं कौतुक झालं, शाल मिळाली. ती शाल मी जुईच्या अंगावर कधी घातली नाही.

मूल किती पटकन आपल्या सोयीचं होतं. चौथीनंतर जुईनं 'तू घरी असशील का' विचारणं सोडलं. सहावीत स्वतःचा डबा स्वतः भरू लागली. सुट्टीची बातमी मला आदल्या दिवशी सांगायचीच नाही. झाल्यावर सांगायची, काल सुट्टी होती, मी काकूंकडे होते. लोक म्हणायचे, भाग्यवान आहेस, मुलगी कसला त्रास देत नाही. खरंच देत नव्हती. आता अण्णा-काकू गावी शेतावर राहायला गेले, आम्ही शहरात विश्रामबागला घर घेतलं, मी स्कूटरवरून कारखान्यात जाते. जुईच्या होस्टेलवरच्या मैत्रिणी तिची चेष्टा करतात म्हणे, की हिचं दार एकदा वाजवून उघडतच नाही, दोनदा वाजवावं लागतं आणि नाव सांगावं लागतं. तिनं ते मला गंमत म्हणून सांगितलं. मी तेव्हाही हसले होते.

पण परवा भोंग्याच्या संध्याकाळचं तिचं 'बघू' माझ्या मनातून जाईना. काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवला आणि प्रयोगशाळेमागच्या कडुलिंबाखाली येऊन तिला फोन लावला. आधी नेहमीचं बोलले. जेवलीस का, थंडी आहे का, परीक्षेचं काय. मग म्हटलं, जुई, दिवाळीला ये. ती म्हणाली, आई, येऊन काय करू, तू तर दिवसभर तिकडे. इथे निदान मैत्रिणी आहेत. ती खरंच बोलत होती. आणि जे इतकी वर्षं बोलले नव्हते तेच माझ्या तोंडातून निघून गेलं.

"जुई, त्या दिवशी मला दुपारीच निरोप मिळाला होता. मारुतीमामा आले होते सांगायला. मी आले नाही."

कुठला दिवस, हे तिनं विचारलं नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांना मीच पाठवलं होतं."

मला वाटलं ऐकण्यात काही चुकलं. ती सांगत गेली. खिडकीच्या जाळीतून तिला मारुतीमामा सायकलवरून जाताना दिसले. तिनं त्यांना हाक मारली. काकू पायरीवर बसलेल्या, ऊन उतरत चाललेलं. काकू सूर्य असेपर्यंतच जेवतात, हे तिला ठाऊक होतं. कितीदा तरी ती त्यांच्याकडे संध्याकाळच्या आत जेवली होती. मारुतीमामांना तिनं सांगितलं, की आईला म्हणावं, भोंगा झाला नाही तरी ये, काकूंचा दिवस चाललाय. मामांनी निरोप दिला, पण त्यातलं काकूंचं उपाशी असणं वाटेत कुठंतरी गळलं. माझं 'येतेच' घेऊन मामा परत घराकडे फिरकले नाहीत, मीही आले नाही, तेव्हा जुईला वाटलं, मामा सांगायला विसरले. पुढं दहावीनंतर त्यांच्या मुलीच्या लग्नात तिनं सहज विचारलं. मामा म्हणाले, सांगितलं की पोरी, तवाच सांगितलं.

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुझं काम चाललं होतं ना."

कडुलिंबाचा पाला माझ्या पायाशी पडत होता. प्रयोगशाळेच्या खिडकीतून दुपारच्या नमुन्यांची नळकांडी ओळीनं उभी दिसत होती. मला वाटत आलं होतं की मी तिच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं आहे. तीच माझ्यापासून लपवत आली होती, माझा मान राहावा म्हणून. तिसरीतल्या मुलीनं स्वतःच्या भुकेचा निरोप पाठवला नाही, शेजारणीच्या भुकेचा पाठवला. आणि मी त्यावर म्हटलं होतं, शिस्तीची आहे.

तेवढ्यात भोंगा झाला. जेवणाची सुट्टी संपल्याचा. इतक्या जवळून की फोनमध्येसुद्धा दुसरं काही ऐकू आलं नसणार. तो थांबल्यावर जुई सवयीनं म्हणाली, "आई, भोंगा झाला. जा तू."

"होऊ दे," मी म्हटलं.

 प्रयोगशाळेच्या दारातून एक पोरगा मला हातानं बोलावत होता. मी तिकडं पाठ केली.

"दिवाळीला ये," मी म्हटलं. "दार वाजव. एकदाच वाजव. मी आत असेन."

 मग जुई म्हणाली, "बघू."

मी आत गेले. नमुने तसेच ठेवले आणि आधी साहेबांच्या केबिनकडे वळले, रजेचं सांगायला.